रुंद मॉनिटर, इवलासा डबा आणि माझी मान

…नाही हो, वळत नाही असं नाही, वळते, पण उजवीकडेच वळते आणि तिकडेच दुखते! डावीकडचं विचाराल तर लोण्यासारखी. डॉक्टरांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, पिकलंय का बघायला कलिंगड धरतात तसं, इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, आणि म्हणाले, "काम काय करता?" म्हटलं, "कॉम्प्युटरवर बसतो." "मॉनिटर केवढा आहे?" आता हा प्रश्न कोणी विचारला की मी हात पसरतो. पसरले! एका हाताने त्यांचं कॅलेंडर खाली पडलं, दुसऱ्या हाताने नर्सबाई दचकल्या. डॉक्टर म्हणाले, "अहो, मॉनिटर आहे की शाळेचा फळा?" आणि मग चष्मा कपाळावर चढवून, चोर सापडल्यासारखे, "हं! मग दिवसभर उजवीकडे बघता. उजवीकडे काय असतं?" आता काय सांगणार? सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि बाहेर तर खोकणाऱ्यांची रांग लागलेली. त्यांना नाही सांगितलं. तुम्हाला सांगतो.

माझा धंदा म्हणजे चादरींवरची नक्षी. तुम्ही सकाळी उठता, अंगाखालची चादर झटकता, त्यावर फुलं असतात, वेली असतात, मधेच एखादं पाखरू असतं… ते कोणीतरी काढलेलं असतं ना? तो मी! लोक आयुष्याचा तिसरा हिस्सा माझ्या कामावर लोळून काढतात, आणि एकाने म्हणून कधी डोळे उघडे ठेवून ते बघितलेलं नाही. असो. काम घरीच. एक मोठं टेबल, त्याच्या एका बाजूला मी आणि माझा जुना चौकोनी मॉनिटर, दुसऱ्या बाजूला, बरोब्बर समोर, आमची ही आणि हिचं विजेवरचं शिलाई मशीन. ही लोकांचे कपडे शिवते. आणि दोघांच्या मधे हिचा बटणांचा डबा, पत्र्याचा, चौकोनी. ही आमची सीमारेषा. लग्न झाल्यापासून हीच मांडणी.

मॉनिटर बुटका होता, त्यामुळे त्याच्यावरून मला हिचं कपाळ दिसायचं आणि डोळे दिसायचे, नाकापासून खालचा भाग मॉनिटरच्या मागे. तुम्हाला सांगतो, अर्ध्या चेहऱ्याशी संसार केला मी, आणि काही म्हणता काही अडलं नाही! "अगं, हा हिरवा बघ गं." डोळे वर यायचे. मी मॉनिटर फिरवून दाखवायचो. "आजारी वाटतोय." डोळे खाली, मशीन सुरू, खटखटखटखट. मी हिरवा बदलायचो. "आता?" डोळे वर. "आता उठून बसलाय." की झालं! तो हिरवा कायम! मशीनवरचा पाय सुद्धा न काढता हिने माझ्या शेकडो चादरींचे रंग पास केले असतील, आणि कारखान्यात नाव कोणाचं? माझं. "तुमचे रंग काय बोलतात हो!" अरे बोलणारच, समोर बोलणारं माणूस बसलंय!

तर असं सगळं छान चाललेलं असताना, सुखाने जगण्याची माणसाला सवय नसते ना, कारखान्यातून फोन आला. नक्षी पसंत करणाऱ्या ज्या बाई आहेत, त्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो, कारण त्यांच्यापुढे आपण आपोआप छोटे होतो. बाई म्हणाल्या, "या वेळी बुट्टी नको, वेल नको, त्याच त्याच फुलांची रांग नको. एकच चित्र. पलंगभर. झोपणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपण झोपायच्या आधीच स्वप्नात आलोय." मी फोन धरल्या जागी तरंगायला लागलो हो! तळं… मला तळंच दिसलं. पहाटेचं. पाणी अजून जागं व्हायचंय, वर धुकं, काठाला उंच गवत, आणि दोन बगळे, काही न करता उभे. काही न करता उभं राहावं तर बगळ्यानेच.

बसलो काढायला. आणि जुन्या मॉनिटरवर काय दिसावं? बगळ्याचा पाय दिसला तर चोच गायब! चोच आणली तर तळं गायब! हा काठ बघावा तर तो काठ बाहेर. चौकटीतून पलंग घरात आणावा तसं माझं तळं तिरपं-तारपं, तुकड्यातुकड्याने आत येतंय. मी हिला म्हटलं, "असं नाही चालायचं. सगळं एका नजरेत दिसायला हवं ना!" डोळे वर आले. "सगळं म्हणजे काय?" "सगळं म्हणजे सगळं!" ही म्हणाली, "मला तर दिसतंय," आणि सुईत दोरा ओवायला लागली. तेव्हाच कळायला हवं होतं. पण नवऱ्याला तेव्हाच कळलं तर तो नवरा कसला!

आणि मग मी त्या दुकानापुढे उभा राहिलो. चूक तिथे झाली. काच, काचेच्या आत एक मॉनिटर, आणि मॉनिटर म्हणजे… कसं सांगू… ह्या टोकाला डोंगर सुरू होत होते आणि माणूस चालत चालत त्या टोकाला गेला तरी डोंगर संपत नव्हते. मधे दरी, दरीत ऊन उतरतंय. अगदी हळू. रस्त्यावर मागून लोक जातायत, कोणाची तरी सायकल मला घासून गेली, कोणीतरी "ओ काका, बाजूला!" म्हणालं, मी कुठे होतो? दरीत होतो! दुकानदार बाहेर आला, त्याने माझा चेहरा बघितला, आणि एकच शब्द बोलला. "आत या." तुम्हाला सांगतो, एवढ्या मऊ आवाजात मला आयुष्यात कोणी आत बोलावलेलं नाही.

आता मॉनिटर घेतला म्हणजे जवळचे सगळे पैसे मॉनिटरलाच गेले, हे ओघाने आलंच. आणि आमचा जुना कॉम्प्युटर त्या मॉनिटरला बघूनच आडवा पडला असता. मग? मग आमचा मेहुणा! हिचा भाऊ. माणूस वाईट नाही, फक्त त्याला सगळं येतं. "भाऊजी," तो म्हणाला, "मोठ्या कॉम्प्युटरचा जमाना गेला! आता छोटे येतात. स्वस्त आणि मस्त. तळहातावर मावतो." आणि खरंच त्याच दुकानात त्याने खोक्यातून काढून माझ्या हातावर एक डबी ठेवली. मी उलटी करून बघितली. "हा चार्जर झाला. कॉम्प्युटर कुठंय?" "हाच!" "हा? हा तेवढा मॉनिटर ओढणार?" मी दुकानदाराकडे बघितलं. तो म्हणाला, "चालेल की." पुढे मी भांडायला गेलो ना, तेव्हा काय म्हणाला माहितेय? "मी चालेल म्हणालो होतो काका, पळेल म्हणालो नव्हतो."

घरी आणला. लावला. टेबलाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत मॉनिटर! खिडकीतून येणारं ऊन अडलं, भिंतीवरचं घड्याळ गेलं, आणि त्याच्या पायाशी ती डबी, हत्तीच्या पायाशी उंदीर बसावा तशी, हिरवा दिवा लावून, "मी आहे, मी आहे" करत. बटण दाबलं. मी श्वास रोखला. चित्र आलं… मधोमध. दोन्ही बाजूंना काळे पट्टे! एवढा रुंद मॉनिटर घेतला, आणि चित्र मधे अंग चोरून बसलंय, नव्या सुनेसारखं! मेहुणा म्हणाला, "सेटिंग आहे." खटखट केलं. पट्टे गेले, आणि अक्षरं मुंगीएवढी झाली. "हे काय?" "ही क्वालिटी आहे भाऊजी! ठिपके इतके बारीक आहेत की तुम्हाला दिसणारच नाहीत." म्हटलं, "ठिपके नको दिसू देत, अक्षरं तर दिसू देत!" परत खटखट. अक्षरं वाढली. मग मी माऊस हलवला.

इथे जरा थांबा. मी माऊस हलवला, आणि बाण… निघाला. निघाला म्हणजे आपण सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून निघतो तसा निघाला. मी डावीकडून उजवीकडे हात नेला, हात पोचला, आणि बाण अजून वाटेत. थोडा दिसायचा, थोडा नाही, पुन्हा थोडा पुढे. मेहुणा म्हणाला, "तीस हर्ट्झ मिळतायत, म्हणजे सेकंदाला तीस चित्रं." म्हटलं, "किती मिळायला हवेत?" "साठ." "म्हणजे अर्धेच?" "डोळ्याला कळत नाही हो ते." "अरे मला कळतंय!" "डबीचं तोंड लहान पडतंय भाऊजी, चित्र केवढं, तोंड केवढं! सवय होईल." आणि तो जेवून गेला.

आणि तुम्हाला सांगतो, लाजेकाजेस्तव सांगत नाही, झाली हो सवय! मला तो बाण आवडायला लागला. डाव्या काठावरून सोडायचा आणि मागे टेकून बघत बसायचं. तळ्यावरून होडी निघालीय. वल्हवणाऱ्याला घाई नाही, पलीकडे कोणी वाट बघत नाही… धुक्यात शिरली… निघाली बाहेर… तोवर मला लहानपणच्या आमच्या मास्तरांचा चेहरा आठवून जायचा, खालच्या मजल्यावर कोणाचा तरी रेडिओ लागलेला असायचा तो अख्खा ऐकून व्हायचा, होडी काठाला लागायची, आणि मी विसरलेला असायचो की मी तिकडे काय करायला निघालो होतो. पुन्हा परत. दुपारच्या दुपार अशा पाण्यावर गेल्या. एका नजरेत सगळं दिसत होतं! हा काठ, तो काठ, गवत, धुकं. गवताचं एकेक पातं मी सावकाश काढलं. आयुष्यात इतकं निवांत काम मी केलेलं नाही. सगळं दिसत होतं.

फक्त ही दिसत नव्हती.

मॉनिटरच्या पलीकडे होती हो, तिथेच, समोर! पण आता मला फक्त मॉनिटर दिसे आणि हिला मॉनिटरची पाठ. कपाळ गेलं, डोळे गेले. मी सवयीने विचारायचो, "अगं, हा निळा बघ गं." पलीकडून आवाज, "दाखवा." आता दाखवणार कसा? तो काय फिरवायचा मॉनिटर आहे? तो फिरवायचा तर आधी टेबल फिरवावं, मग भिंत फिरवावी. म्हणजे हिने उठायचं, मशीन थांबवायचं, टेबलाला वळसा घालून यायचं. एकदा आली. दोनदा आली. मग मीच म्हटलं, "राहू दे, उगाच तुझी खेप." मधूनच पलीकडून यायचं, "अहो, आहात का?" मी म्हणायचो, "आहे." "बरं." एका टेबलावर बसून ट्रंककॉल चाललेला!

त्यात आणखी एक. हिने मशीनवर पाय दिला रे दिला की माझी स्क्रीन मिटायची. काळीकुट्ट! खट केलं की गुल, पाय काढला की हजर. मला आधी वाटलं आपल्याला डुलकी लागतेय. मग लक्षात आलं. ही बाही जोडतेय, मी अंधारात. ही काठ दुमडतेय, माझी होडी तळ्याच्या मधोमध बुडालेली. मी "अगंअगंअगं" करायचो, ही पाय काढायची. असं किती वेळा व्हावं? मेहुण्याला फोन केला, तो म्हणाला, "डबीला धक्का बसतो. नाजूक आहे." नाजूक! बायको कधी तरी एवढी नाजूक म्हणून सांभाळली का मी?

ही चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ही उठली, मशीनवर झाकण घातलं आणि म्हणाली, "मी मागच्या खोलीत बसते. होऊ दे तुमचं तळं." एवढंच. मी म्हटलं, "अगं, तिथे उजेड कमी आहे." म्हणाली, "दिवा आहे की." आणि गेली. मीच एका बाजूने मशीन उचलू लागलो, मीच नेऊन ठेवलं. परत येऊन बसलो. स्क्रीन एकदाही मिटली नाही. इतकी शांतता, इतकी शांतता की डबीतल्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. सगळं एका नजरेत दिसायला हवं होतं ना? बघ आता, म्हटलं, बघ! मला अजिबात करमेना.

जाताना बटणांचा डबा मात्र इथेच राहिला, मागच्या खोलीत जागा नव्हती म्हणून. म्हणजे बटण लागलं की ही यायची. डब्यात बोटं फिरवायची, चुळुकचुळुक आवाज व्हायचा, हवं ते मिळालं की जायची. मी कानोसा घ्यायला लागलो. मनात म्हणायचो, आज सदरे येऊ देत, कोट येऊ देत, ज्याला वरून खालपर्यंत बटणं आहेत असं काहीतरी येऊ दे शिवायला! आणि त्या दिवसांत लोकांनी शिवायला काय टाकावं? उशांचे अभ्रे. एकाला म्हणून बटण नाही.

एकदा आली तेव्हा डबीकडे बघत म्हणाली, "धूळ बसतेय हिच्यावर." दुसऱ्या दिवशी उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवून आणली. आमच्या घरात उघडं काही राहत नाही, फोनला खोळ, चष्म्याला खोळ, टीव्हीच्या रिमोटला खोळ. कापड जरा उरलं, तर त्याच कापडाची बटणांच्या डब्यालाही शिवली. दोन्ही डबे आकाराने सारखे, उंचीने सारखे, आता रूपानेही सारखे. टेबलावर शेजारी शेजारी, जुळी भावंडं. मी म्हटलं, "छान दिसतात." हो, मीच म्हटलं.

तळं झालं. मोठ्या बाईंना दाखवायचं. चित्र एवढं अगडबंब झालेलं की ते पाठवायला घ्यावं तर डबी मान टाकायची. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, पाठवता कशाला? हाच तर छोट्या कॉम्प्युटरचा फायदा! खोळीत घाला, पिशवीत टाका, जा. तिथे त्यांच्या स्क्रीनला जोडा." वा! पहिल्यांदा त्याचं मला पटलं. रात्रीच डबीच्या वायरी काढून ठेवल्या. सकाळी तयार झालो, केस विंचरले, केबल घेतली, डबी पिशवीत टाकली, बस पकडली.

बसमध्ये आवाज यायला लागला. खुळखुळ. बस खड्ड्यातून गेली की खुळखुळ. गेलं, म्हटलं, आत काहीतरी सुटलं! हिचं मशीन तर नाजूक डबीला बाधलं नसेल? मी पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली. वळण आलं की मी डबीसकट वळायचो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काय आहे हो त्यात?" म्हटलं, "तळं आहे." त्या उठून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

कारखान्यात मोठ्या बाई, त्यांची मोठी खोली, भिंतीवर स्क्रीन. चहा आला. "दाखवा." मी खोळीची नाडी सोडली, आणि आतून पत्र्याचं झाकण! तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. मी म्हणतोय, केबल कुठे जोडायची ते भोक कुठे गेलं? फिरवून बघतोय, तर झाकण निघालं आणि बटणं… बाईंच्या टेबलावर, चहाच्या बशीत, जमिनीवर, पांढरी, काळी, लाकडी, चार भोकांची, दोन भोकांची… एक तर गोल गोल फिरत बाईंच्या चपलेपाशी जाऊन आडवं झालं. बाईंनी ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "हे नवीन आहे का? आम्ही अजून फाइलच मागतो."

घरी फोन लावला. "अगं, मी तुझा डबा आणलाय!" पलीकडे ही हसली. तुम्हाला सांगतो, कितीतरी दिवसांत मी हे हसू ऐकलं नव्हतं, बाईंसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बाईंना वाटलं बटणांसाठी. ही म्हणाली, "तरीच मघापासून मी ह्यात बोटं घालायला बघतेय आणि झाकण निघत नाहीये. थांबा, घेऊन येते." आली! शिवताना गळ्यात टेप असते ना, ती तशीच गळ्यात. डबी जोडली. भिंतीवर माझं तळं उमटलं.

आणि हिने ते पहिल्यांदा बघितलं. एका टेबलावर तयार झालेलं चित्र, आणि हिला आजवर फक्त त्याची मागची बाजू माहीत! धुकं, पाणी, गवत. मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या, जवळ गेल्या, मागे आल्या. म्हणाल्या, "गवत सुंदर आहे. धुकं तर… हात लावला तर ओला होईल. पण काय हो, हे दोन बगळे भांडलेत का?"

मी म्हटलं, "छे! भांडतील कशाला?" "मग एक ह्या टोकाला आणि एक त्या टोकाला का उभा आहे? मधे अख्खं तळं पडलंय." मी म्हटलं, "जागा होती… रुंद होतं, म्हणून जरा सैलसर…" माझं मलाच ऐकवेना. तर ही, खाली वाकून बटणं गोळा करता करता, वर न बघता म्हणाली, "भांडले नाहीत हो ते. मधे काहीतरी आलंय, म्हणून एकमेकांना दिसत नाहीयेत."

मी काय सांगू तुम्हाला! मी उभा होतो तो बसलो. बाई एकदा हिच्याकडे बघतायत, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि हा निळा? हा कोणाला विचारून लावला?" म्हटलं, "कोणाला नाही. मीच." म्हणाल्या, "तरीच." आणि हिला विचारलं, "तुम्हाला कसा वाटतो?" हिने डोळे वर केले. तेच डोळे! "एकटा पडलाय," म्हणाली. बाईंनी डबी बंद करायला सांगितली. "हे घरी न्या," म्हणाल्या, "आणि दोघांनी मिळून परत आणा. तोवर मी थांबते."

परतताना बसमध्ये शेजारी शेजारी बसलो, माझ्या मांडीवर डबी, हिच्या मांडीवर डबा. खुळखुळ तिच्याकडे. मी सांगितलं हिला, स्पष्ट सांगितलं, "मला करमत नाही तू नसलीस की. तळं नको, काही नको, जुना मॉनिटर लावतो." ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जुना नको. एवढा मोठा आणलाय तर त्याच्यापुढे दोन खुर्च्या बसतील की." मी बघतच राहिलो! इतके दिवस मी हा मॉनिटर कसा हटवावा, कसा फिरवावा, टेबल कापावं का, भिंत पाडावी का, सगळ्याचा विचार केला, पण ही ह्या बाजूला येऊन बसू शकते हे डोक्यात आलं नाही. कारण ती समोर बसते! समोर बसणारं माणूस शेजारी बसेल, असं सुचतं का कधी?

घरी आलो, टेबल भिंतीला लावलं, मॉनिटर मधे. डाव्या अर्ध्यासमोर मी. उजव्या अर्ध्यासमोर ही आणि मशीन. मशीनची वायर पूर्वीच्या बोर्डापर्यंत पोचेना, म्हणून हिने ती दुसऱ्या भिंतीवरच्या बोर्डात खुपसली आणि मशीनवर पाय दिला. मी डोळे मिटून घेतले, आता अंधार होणार म्हणून. खटखटखटखट… डोळे उघडले. तळं जिथल्या तिथे! बगळे जागच्या जागी! म्हणजे दोघांचं एकाच बोर्डावर होतं म्हणून ते होत होतं! एक वायर इकडची तिकडे लावायची, एवढंच! त्याच्यासाठी हिला मी अंधाऱ्या खोलीत पाठवली! मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "हो, मला तेच म्हणायचं होतं."

मग बगळे जवळ आणले. "अजून," ही म्हणायची. "अजून जरा." बाण आपला निघायचा रमतगमत, एका बगळ्याला घेऊन तळ्यावरून सावकाश दुसऱ्याकडे… आम्ही दोघं बघत बसायचो. ही मशीन थांबवून बघायची. पोचला की ही म्हणायची, "हां. आता बोलतील." निळाही बदलला. मोठ्या बाईंनी पास केलं, चादरी निघाल्या. आता कोणीतरी त्या तळ्यावर घोरत असेल, झोपू दे बापडा.

पण तक्रार संपली असं समजू नका! कारण उजवा अर्धा भाग रिकामा का ठेवायचा, असं ही म्हणाली. पहिल्या दिवशी तिथे बाहीची एक बेतणी उघडली. मग गळ्याचे प्रकार. मग कोणतीतरी बाई झगे कसे बेतायचे ते सांगते, ती बाई दिवसभर. मग हिच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल, मेव्हणी मला विचारते, "भाऊजी, जरा सरका, ताई दिसत नाही." स्क्रीनवरची आमच्या दोघांमधली रेघ सरकत सरकत माझ्याकडे आली. परवा मी हिची टेप घेतली आणि माझ्या वाट्याला उरलेला चौकोन मोजला. जुना मॉनिटर माळ्यावर होता, तो खाली काढून मोजला. तुम्हाला सांगतो, तंतोतंत! दोरा इकडचा तिकडे नाही! सगळं एका नजरेत दिसायला हवं म्हणून एवढा उपद्व्याप, आणि बगळ्याचा पाय दिसला की चोच गायब, ते आहेच!

तर डॉक्टर विचारत होते, उजवीकडे काय असतं. मी म्हटलं, "काही नाही, मॉनिटर." ते म्हणाले, "मग सोपं आहे. तुमचं काम डावीकडेच आहे ना? समोर बघा. उजवीकडे बघायचं बंद करा, आठ दिवसांत मान मोकळी होईल." मी खुर्चीवरून उठलो, पाय घसटले, पुन्हा बसलो. अहो, समोर होती तेव्हा मान न वळवता दिसायची, पण अर्धीच. आता शेजारी आहे, अख्खी दिसते, पण वळावं लागतं. एकेक रंग लावला की वळावं लागतं. रंग लावला नाही तरी वळावं लागतं.

म्हटलं, "डॉक्टर, तेवढं जमायचं नाही. तुम्ही आपलं मलम लिहून द्या. आणि मोठी ट्यूब लिहा."